चैत्रातलं शेवाळ

अक्का गेली तेव्हा मी पोलादपूरला माझ्या ओसरीत दाढी करत बसलो होतो. महाडचे तिचे शेजारी, शिंपीकाका, दारात येऊन उभे राहिले. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "मास्तर, बाई गेल्या." महाडात तिला सगळे बाईच म्हणत, मुलींच्या शाळेत पंचवीस वर्षं शिकवलं होतं ना तिने! माझी अर्धी दाढी झाली होती. उरलेली अर्धी मी पुरी केली, तोंड धुतलं, काकांसाठी चहा ठेवायला सांगितलं आणि मग खाली बसलो तो अर्धा तास उठताच येईना. रडू मात्र आलं नाही. सख्खी थोरली बहीण गेली आणि माझ्या मनात पहिला विचार कुठला यावा? आता मला विचारणारं कोणी उरलं नाही. लाज वाटते लिहायला, पण सुटल्यासारखं वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी शाळेत शोकसभा झाली. अध्यक्ष बोलले, गावातले दोन वकील बोलले, एक व्यापारी बोलले. बाई शांत होत्या, सोशिक होत्या, तपस्विनी होत्या. मी पुढच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. सोशिक म्हणे! अक्का सोशिक असती तर वयाच्या अठराव्या वर्षी सासरीच मेली असती आणि ह्यांना भाषण करायला मिळालं नसतं. शांत तर ती झोपेतसुद्धा नव्हती. आणि ज्या तोंडांनी तिला तपस्विनी म्हटलं, त्यांच्याच घरांतून एके काळी तिला 'टाकलेली' म्हणत. हळदीकुंकवाला बोलवत नसत. अक्का एकदा एकीला तिच्या दारात उभं राहून म्हणाली होती, "मला कुणी टाकलं नाही. मी निघाले." हे मात्र शोकसभेत कुणाला आठवलं नाही.

निघाली ती अशी. लग्नाला वर्ष व्हायच्या आत एका दुपारी ती एकटी, अंगावरच्या लुगड्यानिशी महाडात आमच्या दारात आली. आई कपाळाला हात लावून बसली, आत्या म्हणाली, आल्या पावली परत पोचवून या, नाहीतर धाकट्याला मुलगी कोण देईल. धाकटा म्हणजे मी, तेव्हा तेरा वर्षांचा. बाबा कचेरीत कारकून, आयुष्यात कधी आवाज चढवला नाही त्यांनी. ते फक्त म्हणाले, "आधी जेवून घे." जेवण झालं, दुसरा दिवस उजाडला, आठवडा गेला आणि परत पोचवण्याची गोष्ट बाबांनी काढलीच नाही. पुढे ती शिकली, ट्रेनिंग घेतलं, मास्तरीण झाली. अक्का स्वतःबद्दल फार बोलत नसे, पण एक वाक्य मी तिच्या तोंडून अनेकदा ऐकलंय... माझ्यात आणि मेलेल्या पोरींमध्ये फरक एवढाच, की मला दार उघडं मिळालं.

चंद्रा तिची विद्यार्थिनी. बाप तुडीलचा, सावित्री नदीच्या काठाला चांगली भातशेती. महाडात मावशीकडे राहून चंद्रा सातवी पास झाली, तेही पहिल्या नंबराने. अक्काने तिचा ट्रेनिंगचा फॉर्म आणला, भरला, बापाची सही तेवढी राहिली होती. बाप म्हणाला, दिवाळीनंतर करतो. दिवाळीनंतर त्याने तिचं लग्न लावून दिलं. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या गावात दिली, नवरा मुंबईला गिरणीत, घरी यायचा गणपतीला आणि गावदेवीच्या पालखीला. गावाचं नाव मी लिहीत नाही. अक्का असती तर म्हणाली असती, इथेही घाबरलास ना! असो. त्याच गावात मी शाळामास्तर होतो. लग्न झाल्यावर अक्काने मला बजावलं होतं, "दत्तू, तुझ्या गावात माझी मुलगी आलीय. लक्ष ठेव." मी हो म्हटलं. हो म्हणायला माझं काय जात होतं?

आता माझ्या त्या गावातल्या दुसऱ्या कामाबद्दल सांगायला हवं. माझं अक्षर सुंदर. अगदी छापल्यासारखं, साहेबलोकही तारीफ करत. गावच्या पोलीस पाटलांना सहीपुरतंच लिहिता येई, म्हणून गावात कुणी अकस्मात मेलं की पंचनामा लिहायला मास्तरांना बोलावणं. पंचांनी पाहायचं, पाटलांनी सांगायचं, मास्तरांनी लिहायचं, पाच अंगठे उठले की कागद ठाण्यात. माझ्या नोकरीच्या पहिल्याच श्रावणात एक म्हातारी डोहात बुडून गेली. मी मोठ्या कौशल्याने वाक्य जुळवलं होतं: 'पाणी आणावयास गेली असता शेवाळावरून पाय घसरून डोहात पडून मयत झाली, कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.' वाक्य पाटलांना फार आवडलं. पुढे मी तेच वाक्य आणखी दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा बाईमाणूसच. पुरुष मेला की गाव कारण शोधतं, बाई मेली की निसरडी जागा शोधतं. हे मला तेव्हा समजत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, समजत होतं.

पाच वर्षांत चंद्राला एक मुलगी झाली, सुमन, आणि दुसरी होऊन गेली. सासू वाईट होती का? चारचौघींसारखी होती. मारहाण होत होती का? मी कधी डोळ्यांनी पाहिली नाही, पाहायला गेलोही नाही. तिची पत्रं अक्काकडे जायची बंद झाली एवढं अक्काने मला कळवलं होतं, त्यावर मी लिहिलं, पोर संसारात रमली असेल. घरोघरी मातीच्या चुली, असंही एक वाक्य टाकलं होतं. केवढा शहाणा होतो मी!

चैत्रातली गोष्ट. महाराष्ट्र राज्य अजून व्हायचं होतं, आम्ही मुंबई राज्यातच होतो. सोमवारी शाळा सुटल्यावर मी पडवीत हजेरीपट लावत होतो, तर चंद्रा पोरीला कडेवर घेऊन पायरीपाशी उभी. वर आली नाही. म्हणाली, "मास्तर, बाईंना निरोप धाडा. मला न्यायला या म्हणावं." मी विचारलं, काय झालं? "काय नाय झालं. मला हितं ऱ्हायचं नाय. बाईंना सांगा, मी येते, तिकडं काम पण करीन." मी तिला काय सांगितलं ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. म्हटलं, नांदत्या घरातून असं उठून जाऊ नये, पोरीचा विचार कर, गावदेवीची पालखी तोंडावर आलीय, नवरा येईलच, तेव्हा आपण बसून बोलू. तिचा सासरा शाळा कमिटीत होता, शाळेची खोली त्याचीच होती, हे मी तिला सांगितलं नाही, पण माझ्या मनात ते पहिलं होतं. ती ऐकत होती. मग "बरं, मास्तर" म्हणाली. फळ्यावर गणित चुकलं की मुलं गुपचूप जागेवर जाऊन बसतात, तशी वळून गेली. निरोप मी धाडला नाही.

गुरुवारी सकाळी मला बोलावणं आलं.

त्या डोहावर मी जे पाहिलं ते सगळं इथे लिहीत नाही, मेलेल्या माणसाचा तेवढा आब राखायला हवा. एवढंच लिहितो, की पाणी आणायला ती गेलीच नव्हती. तिचा हंडा घरी पडवीत उपडा घातलेला मी येताना पाहिला होता. मी पंचांबरोबर उभा असताना तो हंडा कोणीतरी आणून काठावर ठेवला. मी पाहिलं, पाटलांनी मला पाहताना पाहिलं. पाटील तसे वाईट गृहस्थ नव्हते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मागल्यासारखाच लिवा, मास्तर. घराची अब्रू हाय, तिच्या बापाचीबी हाय. खरा लिवून ती परत येणार हाय काय?" आणि मी लिहिलं. तेच वाक्य, तसंच्या तसं, नाव तेवढं बदलून. वळणदार अक्षरात. झाकली मूठ सव्वा लाखाची.

महिन्याभरात तिच्या बापाने कचेरीतून पंचनाम्याची नक्कल काढली. त्याला सहीपुरतंच येई, वाचता येत नव्हतं. वाचून घ्यायला तो कुणाकडे जाणार? लेकीच्या बाईंकडे. नक्कल करणाऱ्याचं अक्षर वेगळं होतं, पण खाली लिहिणाराचं म्हणून माझं नाव होतं. अक्काने ते त्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो रडत निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी अक्का माझ्या शाळेत. घोट्यापर्यंत धूळ. आधी डोहावर जाऊन आली होती ती. मुलांना मी सुट्टी दिली. ती बसली नाही, पाणी घेतलं नाही.

"दत्तू, चैत्रात शेवाळ कुठे असतं रे?"

मला आधी कळेचना ती काय म्हणतेय. मग लख्खकन कळलं. ते वाक्य श्रावणातलं होतं. चैत्रात डोह तळाला जातो, काठाचे दगड तापून पांढरे पडतात, त्यावर पापड वाळवावेत. पाच पंच, पाटील, फौजदार, कचेरीतले कारकून, एवढ्या हातांतून तो कागद गेला आणि चैत्रातलं शेवाळ कुणालाही दिसलं नाही. कारण तो कागद कुणी वाचतच नव्हतं. बाई गेली, पाय घसरला, पुढचा कागद. मी म्हटलं, "अक्का, सगळीकडे असंच लिहितात." ती म्हणाली, "सगळ्यांचं मला माहीत नाही. हे तू लिहिलंस. तुझ्या हाताने लिहिलंस, तुझ्या हाताने दुरुस्त कर."

नाही केलं. खोटा पंचनामा लिहिला हे कबूल करायचं म्हणजे नोकरी जाणार, खटला होणार, पाटील अडकणार, बायकामुलं उघड्यावर. ही सगळी कारणं खरीच होती. आणि मुख्य कारण वेगळं होतं. दुरुस्ती करायला बसलो असतो तर सोमवारचं लिहावं लागलं असतं, आणि सोमवारचं मी अक्काला सांगितलंच नव्हतं.

सुमनला अक्काने महाडला आणलं. सासरच्यांनी फारसे आढेवेढे घेतले नाहीत. मुलगा असता तर दिला नसता, मुलगी होती म्हणून सुटली. तिला अक्काने वाढवलं, शिकवलं. आईबद्दल विचारलं की अक्का तिला एवढंच सांगे, तुझी आई माझ्या शाळेतली सगळ्यांत हुशार मुलगी होती. पुढचं मास्तरमामाला विचार. म्हणून मास्तरमामा महाडला जायचं टाळत असे.

तरी एकदा गेलो. माझी बदली पोलादपूरला झाली होती. महाडच्या वाचनालयात थंडीतली व्याख्यानमाला, पुण्याहून एक विद्वान प्राध्यापक आले होते, विषय होता स्त्रीस्वातंत्र्य आणि समाजस्वास्थ्य. मी तिसऱ्या रांगेत. माणूस बोलायला गोड. त्यांनी मोठा कागदी तक्ता भिंतीला लावला होता, त्यावर कुठकुठल्या देशांची नावं. ते म्हणाले, बघा, जिथे बायकांना बरोबरीचे हक्क मिळाले, मतं मिळाली, नोकऱ्या मिळाल्या, काडीमोड सोपा झाला, तिथे आत्महत्या वर आणि आपण बघा कुठे! अगदी तळाशी! आपली कुटुंबव्यवस्था, आपल्या स्त्रीचं समाधान... टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, सगळे वाजवत होते म्हणून.

मागे बायकांच्या बाकांवरून अक्का उठली. तिने विचारलं, "सर, हे आकडे कोण लिहितं?" प्राध्यापक हसून म्हणाले, सरकार. "सरकार म्हणजे कोण?" सभेत खसखस पिकली. अक्का थांबली नाही. "आमच्याकडे माझा भाऊ लिहितो. तो बघा, तिसऱ्या रांगेत बसलाय. अक्षर फार सुंदर आहे त्याचं."

माना वळल्या. मी समोरच्या तक्त्याकडे बघत राहिलो. अक्काचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. ती पुढे म्हणाली, "बरोबरी मिळाली म्हणून तिकडच्या बायका मरतात, असं नसेल सर. बरोबरी मिळाली म्हणून त्यांचं मरण मोजतात, असं असेल. आमच्याकडे बायका मरत नाहीत. आमच्या बायकांचा पाय घसरतो." अध्यक्षांनी घाईघाईने आभाराला कुणाला तरी उभं केलं. बाहेर पडताना एक ओळखीचे गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, बाईंचं मनावर घेऊ नका, एकट्या राहतात ना. मी मान डोलावली. म्हणजे त्या दिवशीही मी खोट्यालाच अंगठा दिला.

त्यानंतर सहा वर्षं मी भाऊबीजेला गेलो नाही. तिने बोलावलं नाही. मी लोकांना सांगत असे, चारचौघांत भावाचा अपमान करणारी बहीण कसली! घरी बायको म्हणायची, अपमान केला का खरं बोलल्या, ते आधी ठरवा. मी तिच्यावरही ओरडत असे. प्राध्यापकांचा राग मला आजही येत नाही. त्यांच्यापुढे जे कागद आले ते त्यांनी मांडले. तक्त्यात आमचा देश सुखी दिसत होता त्याला माझ्यासारख्या मास्तरांचं वळणदार अक्षर कारण होतं. असे मास्तर गावोगाव होते. अजून असतील.

शेवटची भेट गेल्या माघातली. अक्काचं हृदय दुबळं झालंय, पायांना सूज आलीय, असं सुमनचं पत्र आलं म्हणून गेलो. तळ्याजवळच्या आळीतली ती एक खोली. अक्का खाटेवर टेकून बसली होती. चेहरा ओढलेला, डोळे तेच. सुमन शाळेत गेली होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग मला राहवेना. चौदा वर्षं गिळून ठेवलेलं बाहेर आलं. म्हटलं, "अक्का, ती माझ्याकडे आली होती. सोमवारी. तुला निरोप द्यायला सांगितलान. मी दिला नाही."

अक्का खिडकीकडे बघत होती. म्हणाली, "माहीत आहे मला."

मी विचारलं, कधीपासून? चंद्राच्या जावेने सांगितलं होतं, तेराव्याला. म्हणजे धुळीने भरलेल्या पायांनी ती माझ्या शाळेत आली तेव्हा तिला सगळं माहीत होतं. तिसऱ्या रांगेकडे बोट केलं तेव्हाही माहीत होतं. आणि तिने ते तेव्हा सांगितलं नाही, सभेत सांगितलं नाही, पोरीलाही सांगितलं नाही. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? मला एकदा तोंडावर शिव्या तरी द्यायच्यास!

"तू लिहून देशील म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "तोंडी नको. तोंडी तू चांगला आहेस, पहिल्यापासून."

मी तिचे पाय धरले. तिने ते सोडवून घेतले नाहीत आणि मला ऊठही म्हणाली नाही. मग म्हणाली, सुमन येईल आता, चहा टाक. माफी हा शब्द मी उच्चारला नाही आणि तिनेही काढला नाही. लोक म्हणतात, मरताना माणूस सगळं सोडून देतं. अक्काने काही सोडलं नाही. बरं केलंन.

ती गेल्यावर एका मासिकाच्या संपादकांचं पत्र आलं, बहिणीवर आठवण लिहा. मी हा लेख लिहिला आणि छापायला धाडण्याआधी महाडला जाऊन सुमनपुढे ठेवला. अक्काच्या खोलीत, अक्काच्याच टेबलावर. पोर सतरा वर्षांची आहे, अकरावीला बसलीय. ती वाचत होती आणि मी बाहेर कट्ट्यावर बसलो होतो. बराच वेळ झाला. आत गेलो तर तिच्या हातात पट्टी आणि पेन्सिल. अक्का वह्या तपासायची ती पद्धत अशी: मुलीने चुकीचं वाक्य खोडायचं नाही, गिरबटायचं नाही. पट्टी धरून त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि बरोबर काय ते त्याखाली लिहायचं. चूक काय होती ते दिसायला हवं, म्हणायची. सुमनने तशी एकच रेघ मारली होती. मी लिहिलेलं होतं, 'अखेर चंद्रा जगण्याला कंटाळली आणि तिने जीव दिला.' त्याखाली सुमनने लिहिलं होतं, 'माझ्या आईला जगायचं होतं. तिला महाडला यायचं होतं. तिने तसं सांगितलं होतं.'

मी म्हटलं, बरोबर आहे, असंच छापू. ती माझ्याकडे बघत नव्हती. कागदाकडे बघत तिने विचारलं, "मास्तरमामा, तेव्हा तिकडून महाडला एसटी होती?"

म्हटलं, होती. सकाळची.

"रोज?"

रोज.

तिने कागद माझ्याकडे सरकवला आणि पेन्सिल त्यावर ठेवली.

"मग तेही लिहा," म्हणाली. "तुमच्या अक्षरात."

सोमवारी चंद्राने मला निरोप दिला. मंगळवारी गाडी होती. बुधवारी गाडी होती.